पेशवे दप्तराचें दार

पुण्यांतील पेशवे दप्तराची इमारत आपणांपैकीं पुष्कळांनीं बाहेरून पाहिली असेल. आंत मोडी कागदांचे हजारों रुमाल बांधून ठेविलेले आहेत. सरकारच्या ताब्यांतील कागद पाहण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास त्या रुमालांतच गुंडाळलेला आहे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि तिचें दप्तर इंग्रजांच्या हातीं गेलें. त्यांनीं तें जपलें, तें मुख्यतः महसुलाच्या सोयीसाठीं. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हां या कागदांचें सामर्थ्य लोकांस कळलें. इनाम कोणीं दिलें, वंशपरंपरेनें कीं हयातीपुरतें, याची कसून छाननी सुरू झाली. इनामदारापाशीं एखादी जीर्ण सनद, तर सरकारपाशीं सारें दप्तर! ज्याच्या हातीं कागद त्याच्याच हातीं निवाडा, अशी स्थिति झाली. आणि अनेकांचीं इनामें गेलीं.

अभ्यासकांनाही हें दार सहजासहजीं उघडलें नाहीं. गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिशांचे उतारे काढिले व न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांचें महत्त्व जगापुढें मांडलें. राजवाडे तर गांवोगांव हिंडून खाजगी घराण्यांचीं दप्तरें धुंडाळीत राहिले. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पुढें गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड सरकारनें छापिले. उपकार मोठे, तरीपण निवड सरकारनें नेमलेल्या संपादकाची होती, वाचकाची नव्हे.

ही निवड वाचकाच्या हातीं आणण्याचें काम माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें केलें. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणें अमलांत आला. १० रुपये भरून सामान्य नागरिकानें अर्ज करावा आणि सरकारी कचेरीनें ३० दिवसांत उत्तर द्यावें, असा त्याचा दंडक. न देण्याचें कारण सांगण्याचा भार आतां कचेरीवर आहे, मागणाऱ्यावर नाहीं. १८५२ च्या इनामदाराला हें स्वप्नांतही खरें वाटलें नसतें.

परंतु चाळीस वर्षें फळ्यापाशीं उभा राहिलेला मी शिक्षक. एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या पणजोबांचा एक मोडी कागद घरच्या पेटींत होता. तो कोणासच वाचतां येईना. निवृत्तीनंतर मोडी शिकलों, तेव्हां तो बोलूं लागला. कायद्यानें दार उघडतें. आंत जाऊन वाचण्याचे श्रम मात्र आपले आपणच केले पाहिजेत.