जम्मूच्या डोंगराळ भागातील ग्राम संरक्षण दले

जम्मू विभागातील दोडा, किश्तवाड, राजौरी आणि पूंछ या भागांत शेतकरी, दुकानदार व निवृत्त सैनिक आपला उद्योग सांभाळून रात्री गावाच्या रक्षणासाठी पहारा देतात. पोलीस दलाचे नियमित कर्मचारी नसलेल्या या स्वयंसेवकांकडे सरकारने दिलेल्या रायफली असतात. त्यामुळे महाराष्ट्रातील पोलीस पाटील किंवा ग्रामरक्षक दलाशी त्यांची तुलना फार पुढे नेता येत नाही.

ऑगस्ट १९९३ मध्ये किश्तवाडजवळ बस अडवून प्रवाशांची हत्या करण्यात आली. या परिसरात घरे उतारांवर विखुरलेली आणि पोलीस ठाणे कित्येक तासांच्या पायवाटेवर, अशी स्थिती होती. मदत पोहोचेपर्यंत गावानेच तग धरावा, या हेतूने १९९५ मध्ये तत्कालीन दोडा जिल्ह्यात ग्राम संरक्षण समित्या स्थापन झाल्या व नंतर इतर जिल्ह्यांतही त्यांचा विस्तार झाला. विशेष पोलीस अधिकारी समितीचा प्रमुख असे आणि त्याला मानधन मिळे. इतर सदस्यांना मात्र काहीच मिळत नसे. शस्त्र म्हणून जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल दिली जाई. समित्यांत हिंदूंचे प्रमाण अधिक होते. मात्र पूंछमधील सुरनकोट भागात मुस्लिम महिलांनीही अशी समिती चालविली.

शस्त्राबरोबर दुरुपयोगाच्या तक्रारीही आल्या. काही सदस्यांवर हत्येसह गंभीर गुन्हे नोंदविले गेले आणि २०१३ च्या किश्तवाड दंगलीनंतर समित्या बरखास्त करण्याची मागणी झाली. अल्प प्रशिक्षित ग्रामस्थांच्या हाती शस्त्र द्यावे काय, हा प्रश्न केवळ जम्मूपुरता नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी छत्तीसगडमध्ये माओवाद्यांविरुद्ध विशेष पोलीस अधिकाऱ्यांचा वापर करण्यास मनाई केली होती. जम्मूत मात्र व्यवस्था टिकली.

१५ ऑगस्ट २०२२ पासून समित्यांची जागा 'ग्राम संरक्षण रक्षक' योजनेने घेतली. एका दलात जास्तीत जास्त १५ जण, नियंत्रण जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आणि दरमहा मानधन प्रमुखास ४,५०० रुपये व इतरांस ४,००० रुपये, अशी तिची रचना आहे. वर्षानुवर्षे विनामूल्य पहारा देणाऱ्यांसाठी ही रक्कम लहान असली तरी पहिलीच होती. ज्यांचे पूर्वीचे अधिक मानधन घटले, त्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांनी मात्र न्यायालयात दाद मागितली.

१ जानेवारी २०२३ रोजी राजौरी जिल्ह्यातील ढांगरी गावात दहशतवाद्यांनी घरांवर गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी तेथेच स्फोट झाला. दोन्ही घटनांत मिळून सात जण मृत्युमुखी पडले. एका शेजाऱ्याने जुन्या रायफलीतून गोळ्या झाडल्यावर हल्लेखोर पळाले, असे रहिवाशांनी सांगितले. त्यानंतर केंद्रीय राखीव पोलीस दलाने गावकऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि अनेक ठिकाणी स्वयंभरण रायफली वाटण्यात आल्या.

तथापि पहारेकऱ्याचा उदरनिर्वाह रानावरच अवलंबून राहिला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी किश्तवाडच्या जंगलात गुरे चारण्यास गेलेल्या दोन ग्राम संरक्षण रक्षकांचे अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आले. त्यांपैकी एक हिंदू होता, दुसरा मुस्लिम.