हाँगकाँगचे उतार आणि त्यांचा खर्च

हाँगकाँगमध्यें सपाट भूमि थोडी व वस्ती दाट. दुसऱ्या महायुद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे येऊं लागले, तेव्हां तें शहर डोंगराच्या अंगावर चढलें. उतार तासावा, निघालेली माती दरींत लोटावी आणि त्या भरावाच्या माथ्यापायथ्याशीं पुन्हां वस्ती करावी, असा क्रम चालला. ती माती थरावर थर देऊन धुमसानें घट्ट बसविण्यास पैसा लागतो; तो मात्र कोणी खर्चिला नाहीं.

१९७२ सालच्या जूनमध्यें तीन दिवसांत सुमारें २६ इंच पाऊस झाला. १८ जूनला दुपारीं काउलूनकडील साऊ माऊ पिंग येथें रस्त्याचा उंच भराव खालच्या झोपड्यांवर आला आणि ७१ माणसें प्राणांस मुकलीं. त्याच रात्रीं पलीकडे बेटावर, पो शान मार्गाजवळच्या धनिकांच्या वस्तींत, डोंगर सुटून बारा मजल्यांची एक इमारत कोसळली. तेथें ६७ जण मेले. झोपडी आणि प्रासाद यांत मातीनें भेद केला नाहीं. चौकशी झाली; तथापि उतारांकडे कायम लक्ष ठेवणारें स्वतंत्र खातें निघालें नाहीं. पुढें २५ ऑगस्ट १९७६ रोजीं, वादळी पावसांत, त्याच साऊ माऊ पिंगला दुसरा भराव ढासळला व आणखी १८ बळी पडले.

या वेळीं नेमलेल्या तज्ज्ञांनीं दोष नेमका दाखविला. भरावाचा बाहेरचा थर सैल होता. त्यांत पाणी मुरतांच मातीचा चिखल होऊन ती वाहूं लागली. वरची सुमारें तीन मीटर माती काढून ती पुन्हां थरांथरांनीं दाबून बसवावी, आंत पाण्याला वाट करून द्यावी, आणि हें सर्व पाहण्यास एकच मध्यवर्ती कचेरी असावी, असा त्यांचा सल्ला होता. १९७७ सालीं ती कचेरी स्थापन झाली. उतारांच्या मजबुतीसाठीं सरकारी तिजोरींतून वर्षानुवर्षें पैसा निघूं लागला तो तेव्हांपासून. २०१० पर्यंत सुमारें १,४०० कोटी हाँगकाँग डॉलर खर्च झाले आणि मानवनिर्मित उतारांचा धोका १९७७ च्या मानानें चतुर्थांशाच्याही खालीं आला. कोणत्याही अंदाजपत्रकांत हा खर्च मोठा कठीण. कारण त्याचें फळ म्हणजे कांहींच न घडणें.

परंतु सगळे उतार सरकारचे नव्हेत. नोंदलेले मानवनिर्मित उतार सुमारें ६०,०००. त्यांपैकीं बरेच खाजगी मालकांकडे. जमिनीच्या पट्ट्यांत निगेची जबाबदारी लिहिलेली असते. पण एका इमारतींत शेंकडों बिऱ्हाडें असतां मागच्या भिंतीचा खर्च आपल्या वांट्याला येतो हें अनेकांच्या गांवींही नसे. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत प्रत्येक उताराचा धनी कोण, हें कागदपत्रें चाळून ठरविण्यांत आलें. धोकादायक उतार दुरुस्त करण्याचा हुकूम मालकानें मानला नाहीं, तर सरकार काम करवून खर्च त्याच्याकडून वसूल करतें.

दुरुस्ती एकदां होते, निगा मात्र दरसाल करावी लागते. २३ जुलै १९९४ रोजीं क्वुन लुंग लाऊ येथें जुनी दगडी भिंत कोसळून पांच जण मेले. भिंत समजत होते त्याहून पुष्कळ पातळ निघाली, आणि पाऊस तर होताच, पण जमिनींतल्या नळांतून झिरपणारें पाणीही तिच्या मागें सांचत होतें. त्यानंतरच्या मार्गदर्शिकेनें वर्षांतून निदान एकदां पाहणी आणि पांच वर्षांनीं अभियंत्याची तपासणी असा परिपाठ घातला.

तेथील जुन्या उतारांवर माती, चुना व सिमेंट यांचा गिलावा असतो. त्याला ‘चुनाम’ म्हणतात. हा आपल्याकडचाच चुना, इंग्रजी अंमलदारांबरोबर समुद्रापार गेलेला! त्या गिलाव्याला तडा गेला कीं तो बुजवावयाचा, पाणी निघण्याचीं भोंकें मोकळीं करावयाचीं, गटारांतला पाला काढावयाचा. २०१० पासूनच्या नव्या योजनेंत दरसाल १५० सरकारी उतारांची मजबुती, १०० खाजगी उतारांची तपासणी आणि ३० नैसर्गिक डोंगरउतारांवरील बंदोबस्त असें प्रमाण धरलें गेलें. गटारें साफ करण्याचें काम या आंकड्यांत येत नाहीं. तें पावसाळा सुरू होण्यापूर्वीं, म्हणजे एप्रिलच्या आधीं, उरकावें लागतें.