शाळा, संगणक आणि लिपी : केरळातील एक प्रयोग

केरळ राज्यातील शालेय संगणक-शिक्षणाविषयी लिहिताना शासनाचा पैसा किती वाचला, हा हिशेब बहुधा अग्रभागी ठेवला जातो. हिशेब खोटा नव्हे. परंतु त्यावरच दृष्टी खिळल्यामुळे ह्या प्रयोगाचा अधिक टिकाऊ भाग झाकला जातो. ह्या संगणक-कक्षांचा मल्याळम लिपीच्या इतिहासाशी जो संबंध आला, तो परवान्याच्या रकमेत मोजता येण्याजोगा नाही.

प्रा. उ. रा. राव ह्यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने केलेल्या शिफारशींवरून २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प राज्याच्या शिक्षण खात्याने सुरू केला. त्याच वर्षी जुलै महिन्यात तिरुवनंतपुरम येथे रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्या उपस्थितीत ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया’ ह्या संस्थेचे उद्घाटन झाले. तथापि ह्या दोन घटनांचा परस्परांशी प्रारंभी फारसा संबंध नव्हता. शाळांतून प्रथम शिकविले गेले ते मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीवरच. एका कंपनीचा माल सरकारी पाठ्यक्रमाच्या द्वारे मुलांच्या हाती का द्यावा, असा आक्षेप केरळ स्कूल टीचर्स असोसिएशन ह्या शिक्षक-संघटनेने घेतला. आक्षेपामागे संघटनेची डावी राजकीय भूमिका होती हे उघड आहे. पण आक्षेप केवळ राजकीय होता असे मानणे मात्र अन्यायाचे होईल, कारण पर्याय शिकून घेण्याचे श्रमही शिक्षकांनीच पत्करले. २००६ मध्ये सत्तेवर आलेल्या व्ही. एस. अच्युतानंदन ह्यांच्या मंत्रिमंडळाने मुक्त आज्ञावलींचा पुरस्कार केला, आणि २००८ च्या सुमारास माध्यमिक शाळांतील अध्यापन व परीक्षा ह्या दोहोंतही ग्नू/लिनक्स प्रणाली रूढ झाली.

‘मुक्त’ ह्या शब्दाचा येथील अर्थ ‘फुकट’ असा नाही. आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याची, ती बदलण्याची आणि बदललेली प्रत दुसऱ्यास देण्याची मुभा, असा तो अर्थ आहे. काटकसर हे ह्या मुभेचे एक फळ होय. यंत्रागणिक परवाना विकत घ्यावा लागत नाही. एकच तबकडी हव्या तितक्या शाळांत फिरविता येते. आणि विद्यार्थ्याने ती घरी नेली तरी कायद्याचा भंग होत नाही. प्रशिक्षकही बाहेरून आणावे लागले नाहीत. शाळांतील शिक्षकांमधूनच ते निवडले गेले. भूमितीसाठी जिओजेब्रा, चित्रांसाठी गिंप अशी साधने पाठ्यक्रमात आली, एवढे ह्या बाबतीत सांगणे पुरे.

लिपीचा प्रश्न ह्याहून गुंतागुंतीचा आहे. मल्याळम लिपीत ‘उ’ आणि ‘ऊ’ ह्या स्वरांची चिन्हे व्यंजनात मिसळून जात, आणि प्रत्येक व्यंजनागणिक त्यांची आकृती पालटे. जोडाक्षरांची संख्या तर विपुलच होती. इतके आकार टंकलेखन-यंत्राच्या मोजक्या कळींवर बसेनात; म्हणून १९७१ मध्ये केरळ शासनाने लिपी सुधारली. स्वरचिन्हे व्यंजनापासून तोडून शेजारी मांडली गेली, व बहुतेक जोडाक्षरे फोडण्यात आली. मराठी वाचकास येथे सावरकरी लिपीतील ‘अि, अु’ ह्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. छपाईची सोय हे कारण दोन्हीकडे समान होते. भेद एवढाच की, केरळात शासनाची आज्ञा पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली. घरी वडीलधारी मंडळी हाताने जुने वळण काढीत आणि मूल शाळेत नवे वळण वाची.

यंत्रासाठी भाषेने अंग चोरावे की भाषेसाठी यंत्राने रुंद व्हावे, हा प्रश्न १९९९ मध्ये ‘रचना अक्षरवेदी’ ह्या मंडळाने पुन्हा उपस्थित केला. आर. चित्रजकुमार हे त्याचे प्रवर्तक व के. एच. हुसेन हे अक्षररचनाकार होते. संगणकास कळींची मर्यादा अक्षर-आकारांवर लादण्याचे कारण उरलेले नाही, हे त्यांनी ओळखले, आणि जुन्या वळणाचे सर्व आकार असलेला ‘रचना’ हा टंक तयार केला. पुढे तो मुक्त परवान्याखाली आला. २००२ पासून काम करणाऱ्या ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ ह्या स्वयंसेवी गटाने ‘रचना’ व त्यानंतरचा ‘मीरा’ हे टंक जोपासले. शालेय प्रणालीत हे टंक सहज समाविष्ट होऊ शकले, कारण त्यासाठी कोणा विक्रेत्याची अनुमती मागावी लागत नव्हती. परिणाम असा झाला की, जे वळण १९७१ नंतर पाठ्यपुस्तकांतून गेले होते, तेच शाळेच्या संगणक-कक्षात पडद्यावर परतले. ही घटना कोणत्याही शासकीय लिपी-समितीच्या निर्णयाने घडली नाही, ही गोष्ट लिपी-नियोजनाच्या अभ्यासकांनी ध्यानी घ्यावयास हवी.

लेखनासाठी शाळांनी ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक स्वीकारला. भारतीय लिप्यांचा वर्णक्रम समान असल्याने त्याची मांडणीही सामाईक आहे. देवनागरीचा ‘क’ ज्या कळीवर येतो त्याच कळीवर मल्याळमचा ‘क’ येतो. १९९१ च्या भारतीय मानकात ही मांडणी नमूद आहे. उच्चारानुसार रोमन अक्षरे टंकून मल्याळम उमटविण्याची सोपी वाट उपलब्ध असताना शाळांनी ही वाट धरली, हा निर्णय शहाणपणाचा म्हटला पाहिजे. मुलास स्वतःच्या वर्णमालेकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहावे लागले नाही.

सर्वच प्रश्न मात्र शाळेच्या वा राज्याच्या हाती नव्हते. स्वररहित व्यंजनांसाठी मल्याळममध्ये ‘चिल्लु’ नावाची खास अक्षरे आहेत. आरंभी ती व्यंजन, हलन्त-चिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने साठविली जात. एप्रिल २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीने सहा चिल्लु-अक्षरांना स्वतंत्र संकेतांक दिले. ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ने त्यास विरोध केला होता, तो मानला गेला नाही. त्यामुळे पडद्यावर तंतोतंत सारखा दिसणारा एकच शब्द दोन प्रकारे साठविला जाऊ लागला, आणि एका प्रकारे टंकलेला शब्द शोधू जाता दुसऱ्या प्रकारचा सापडेना. टंकांना दोन्ही संकेत दाखविण्याची व्यवस्था करावी लागली. मूळ संहिता खुली असल्याने ती व्यवस्था केरळातच, स्वयंसेवकांच्या हातून होऊ शकली.