गिअर नेमका अडकतो कुठे?

मोटारीच्या इतिहासात इंजिनाचं कौतुक भरपूर झालं आहे. वेग, ताकद, पेट्रोलचा खर्च यांवर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली. गिअरच्या दांड्याचा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाही. खरं तर चालवणाऱ्याचा हात दिवसातून शेकडो वेळा जातो तो त्याच्यावरच. हा दांडा एके काळी गाडीच्या तळावरची आपली जागा सोडून स्टिअरिंगवर जाऊन बसला, तिथे काही दशकं राहिला आणि पुन्हा खाली उतरला. त्या प्रवासाबद्दल आज लिहितो आहे. आणि त्याच ओघात, जुन्या पिकअपचा गिअर अडकला तर दोष कुठे शोधावा याबद्दलही. मी इतिहासाचा मास्तर, फिटर नव्हे. पण या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत, असं माझं मत झालं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. पेट्रोलचं इंजिन ठरावीक वेगाने फिरत असतानाच नीट ताकद देतं. चढावर एक प्रमाण लागतं, सपाटीवर दुसरं. म्हणून इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये लहानमोठी दातेरी चक्रं आली. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर याने सरकत्या चक्रांचा गिअरबॉक्स मोटारीत बसवला. कल्पना सरळ होती, पण वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते एकमेकांत घालायचे म्हणजे खरखराट ठरलेला. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९०८ साली मॉडेल टी काढली तेव्हा त्याने हा दांडाच टाळला आणि गिअरचं काम पायाखालच्या पेडलवर सोपवलं. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. पुढे १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. म्हणजे दाते भिडण्याआधी दोन चकत्या एकमेकींवर घासून वेग सारखा करून घेतात, मग दाते गुपचूप आत जातात. खरखराट गेला, आणि गाडी चालवणं सर्वांच्या आवाक्यात आलं.

तोवर दांडा जमिनीवरच होता. त्याचं खालचं टोक थेट गिअरबॉक्सच्या पोटात. हात हलला की आतला काटा हलला. मध्ये कोणी दलाल नाही.

मग प्रश्न आला तो गुडघ्यांचा! अमेरिकन गाड्यांत पुढे एकच सलग बाक असे. त्यावर तिघं बसायची, आणि मधल्या माणसाने पाय ठेवायचे कुठे? तिथे तर दांडा उभा. १९३८ साली कॅडिलॅक आणि पॉन्टिअॅक यांनी तो उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेला. १९३९ पर्यंत जनरल मोटर्सच्या बहुतेक मोटारींत तो वर गेला होता, १९४० मध्ये फोर्डही त्याच वाटेने गेली. शेवरलेने १९४७ साली नव्या धाटणीचे पिकअप काढले आणि १९४८ पासून तीन गिअरच्या लहान पिकअपमध्येही दांडा स्टिअरिंगवर आला. शेतावरून गावाकडे निघालेला शेतकरी, त्याची बायको आणि मध्ये लेकरू असे तिघं आता पाय पसरून बसू लागले. अमेरिकन लोकांनी पुढे या व्यवस्थेला नावही मजेशीर दिलं, ‘थ्री ऑन द ट्री’, म्हणजे झाडावरचे तीन.

सोय झाली यात शंका नाही. पण गिअरबॉक्स होता तिथेच राहिला आणि हात दूर गेला. मग हाताचा निरोप पोचवायला मध्ये माणसं, म्हणजे भाग, नेमावे लागले. स्टिअरिंगच्या खांबाला लागून एक दंड खाली जातो. त्याच्या तळाशी दोन आर्म, एकावर एक. एका आर्मची सळई पहिल्या आणि रिव्हर्स गिअरकडे जाते, दुसऱ्याची दुसऱ्या आणि तिसऱ्याकडे. दांडा स्वतःकडे ओढला की खालची कळ एका आर्ममध्ये बसते, सोडला की दुसऱ्यात. मग दांडा वर किंवा खाली नेला की ती ती सळई ढकलली जाते. एका आर्ममधून दुसऱ्यात जाताना दोन्ही आर्म न्यूट्रलवर अगदी समोरासमोर असावे लागतात. सगळी मेख इथे आहे.

नव्या गाडीत ते समोरासमोर असतातच. पण वीस-तीस वर्षांनी प्रत्येक सांध्यात केसभर झीज होते. खिळ झिजते, बुश झिजतं, भोक लांबट होतं. इंजिनाखालचे रबर दबतात; इंजिन आणि गिअरबॉक्स किंचित खाली बसतात, स्टिअरिंगचा खांब मात्र जागेवरच राहतो. एकेक फरक नगण्य, पण सगळ्यांची बेरीज दांड्याच्या टोकाशी बोटभर होते. मग पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एक आर्म पूर्ण न्यूट्रलला येण्याआधीच कळ दुसऱ्यात शिरते. गिअरबॉक्सच्या आत एक राखणदार असतो, तो एका वेळी दोन गिअर पडू देत नाही. तो दोघांनाही अडवतो. दांडा घट्ट. गाडी चौकात उभी, मागे भोंगे सुरू.

माझा एक विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झाला. त्याच्याकडे १९५१ चा शेवरले पिकअप आहे, आणि ही तक्रार मला प्रथम त्याच्याच पत्रातून कळली. तिथल्या एका मेकॅनिकने पाहताक्षणी निदान केलं की गिअरबॉक्स गेला, उतरवून उघडावा लागेल. या पिकअपमध्ये ते काम साधं नाही. मागच्या चाकांकडे जाणारा दंड एका बंद नळीतून जातो, त्यामुळे गिअरबॉक्स काढायचा तर मागचा आस सोडवून मागे सरकवावा लागतो. खर्च ऐकून पोराने गाडी भंगारात देण्याचा विचार चालवला होता. सुदैवाने त्याच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने वेगळा रस्ता दाखवला. ती पद्धत त्याने मला सविस्तर लिहून पाठवली, आणि तिचा क्रम मला फार आवडला.

पहिलं, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघायचे. बंद असताना पडतात, पण चालू असताना खरखरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी पेडलची ढील तपासायची. या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही हेही ध्यानात ठेवायचं. चालत्या गाडीत तो खरखरणारच, तो काही आजार नव्हे. दुसरं, इंजिन बंद असतानाही दांडा अडकतो, तर खाली जाऊन दोन्ही सळया गिअरबॉक्सपाशी सोडवायच्या आणि तिथले दोन छोटे लिव्हर हाताने हलवायचे. मात्र एकाला हात लावताना दुसरा न्यूट्रलवर हवा. ते ‘खट्’ करून स्वच्छ बसत असतील, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे; दोष मधल्या जोडणीत. तिसरं, झिजलेले भाग बदलायचे, ग्रीस भरायचं, दोन्ही आर्म न्यूट्रलला समोरासमोर आणायचे आणि मग सळयांची लांबी जुळवून घट्ट करायची. चालता गिअर आपोआप सुटत असेल, तरी आधी हेच पाहायचं. सळईची लांबी चुकली की गिअर पूर्ण आत जातच नाही, अर्धवट टेकतो आणि धक्क्याने निसटतो. इतकं करूनही सुटत राहिला, तरच पेटी उघडायची.

त्या पिकअपची पेटी उघडावी लागली नाही. गाडी आजही चालते.

हे वाचताना मला वर्गातला १८५७ चा धडा आठवला. कारणं विचारली की बहुतेक मुलं ‘काडतुसं’ एवढं लिहून मोकळी होत. काडतुसं खरीच होती, पण ती ठिणगी. १८४८ साली खालसा झालेलं सातारचं राज्य, १८५६ साली गिळलेलं अयोध्या, अशी सांध्यासांध्यांतली झीज कितीतरी आधीपासून साठत होती. आवाज जिथून येतो तिथेच दोष असतो असं नाही, हे मी जन्मभर खडूने लिहीत आलो. त्या शेतकऱ्याने तेच पान्याने दाखवलं.

आपल्याकडेही हा इतिहास परका नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. नुसती जोडणी न करता इथेच भाग बनवा, असं सरकारी धोरण झाल्यावर १९५४ मध्ये ते काम थांबलं. स्टिअरिंगवरचा दांडा मात्र आपल्याकडे राहिला. कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटमध्ये, म्हणजे पुढच्या पद्मिनीत, तो होता आणि जुन्या अॅम्बॅसडरमध्येही. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून दांडा डाव्या हाताला, आणि गिअर चार. जोडणी झिजलेल्या गाडीत गिअर अडकला की मुरलेला ड्रायव्हर शांतपणे उतरून बॉनेट उघडे, आत हात घालून काहीतरी ढकले आणि परत येऊन बसे. प्रवाशाला वाटे जादू झाली. त्याने फक्त दोन आर्म समोरासमोर आणलेले असत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्याबरोबर त्या हातांचं ते ज्ञानही गेलं. ते कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं आणि कोणी परीक्षेत विचारलं नव्हतं.

आजच्या गाड्या उत्तम आहेत, मी काही जुनं तेच सोनं म्हणणाऱ्यातला नाही. पण हात आणि चाक यांच्यामध्ये जितके मध्यस्थ वाढतात, तितकी दोष शोधण्याची वाट लांबते आणि मालक आपल्याच गाडीपुढे अडाणी होत जातो. म्हणून ज्यांच्याकडे अशी एखादी जुनी गाडी अजून टिकून आहे, त्यांना एवढंच सुचवतो. कोणी ‘पेटी उघडावी लागेल’ म्हणालं, तर आधी त्या दोन सळया सोडवून लिव्हर हाताने हलवून पाहा. त्याला गाडीखाली जाण्याचा थोडा त्रास आणि एक पाना, याहून जास्त काही लागत नाही.