जाळ्याची आस

मंडळी, परवा नातू पुण्याहून आला होता. त्याला घेऊन बारामतीहून भिगवणच्या मासळी बाजारात गेलो. एका टोपलीत बोटाएवढे मासे होते. ते पाहून तो म्हणाला, "आजोबा, हे मोठे कधी होणार?" जन्मभर पोरांना इतिहास शिकवला, पण तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देतो.

जाळ्यातल्या भोकाला मासेमारीत 'आस' म्हणतात. आस मोठी असेल तर पिल्लू निसटतं, बारीक असेल तर सगळंच वर येतं. हे भांडण फार जुनं आहे. 1376 साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे मच्छीमारांनी तक्रार केली होती की, तळ खरवडणाऱ्या एका नव्या जाळ्याची आस इतकी बारीक आहे की लहान मासळीचं काय करावं कळत नाही, ती डुकरांना घालतात!

त्या जाळ्याचाच मोठा वंशज म्हणजे ट्रॉल. शंकूसारखं जाळं, तोंड उघडं ठेवायला दोन बाजूंना जड फळ्या, खाली साखळी आणि पुढे ओढणारी बोट. मुंबईच्या समुद्रात 1921-22 मध्ये 'विल्यम कॅरिक' या वाफेच्या ट्रॉलरने पाहणी केली. 1946 मध्ये केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचं केंद्र काढलं. पुढे परदेशात कोळंबीला भाव आला आणि ट्रॉलर वाढत गेले.

कोळंबी तळाशी राहते, म्हणून तळच खरवडायचा. त्यात गाळ ढवळतो, स्पंज आणि पोवळी मोडतात, आणि कोळंबीबरोबर नको असलेली ढीगभर पिल्लंही येतात. पूर्वी ती समुद्रातच फेकत. आता वाळवून, दळून त्यांची भुकटी करतात आणि ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेव्हा डुकरं होती, आता कोंबड्या, एवढाच फरक!

आणखी एक गंमत. साध्या जाळ्याची आस शंकरपाळ्यासारखी असते. ओढ बसली की ती आवळून मिटते, आणि पिल्लाला वाट उरत नाही. चौरस आस मात्र उघडी राहते. एवढ्याशा बदलाने किती जीव वाचतील!

कायदे नाहीत असं नाही. किनाऱ्याजवळच्या लहान होड्यांना ट्रॉलरपासून जपावं म्हणून महाराष्ट्राने 1981 मध्ये सागरी मासेमारी कायदा केला. पावसाळ्यात बंदी असते. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि किती लांबीखालचा मासा धरू नये, हेही 54 जातींसाठी ठरलं.

आता आमचं इंदापूर. 1980 मध्ये उजनीचं पाणी अडलं, गावं बुडाली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून दिसतं. जमिनी गेलेल्या काही घरांनी होडी धरली. या पाण्यात ट्रॉलर नाहीत, पण मच्छरदाणीसारखी जाळी आली. कटला-रोहूची पिल्लं, वाम, जे सापडेल ते वर येतं.

त्या दिवशी बाजारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. टोपली त्याचीच होती. मी नुसतं बघितलं. तोच म्हणाला, "गुरुजी, मी सोडले तर पलीकडचा धरील. मग माझ्या पोरांनी काय खायचं?" मी त्याला काय शिकवणार? बेडं सोडवायचा हा प्रश्न एकट्याच्या हातातला नाही. इंग्लंडचे मच्छीमार सगळे मिळून अर्ज घेऊन गेले होते, ते उगाच नाही.

नातवाला एवढंच सांगितलं की बाळा, त्यांना मोठं व्हायला वर्ष लागतं, आणि तेवढी सवड आपण देत नाही. त्या दिवशी लहान मासे घेतले नाहीत. तेवढ्याने उजनीला काय फरक पडणार, ठाऊक आहे. पण आस म्हणजे आशाही ना?

असो. तुमच्याकडच्या बाजारात टोपलीत काय दिसतं, ते जरूर कळवा.