लुकलुकण्याची गोष्ट: सिनेमाच्या पडद्यापासून गेमिंग लॅपटॉपपर्यंत

गेमिंग लॅपटॉपची स्क्रीन फ्लिकर व्हायला लागली की पहिला सल्ला मिळतो, पॅनेल बदला. खर्च मोठा, म्हणून आधी थोडा इतिहास ऐका.

पडदा पहिल्यापासूनच लुकलुकतो. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं, ती डोळ्याला कमी पडतात. मग प्रोजेक्टरच्या फिरत्या पात्यानं एकच चित्र दोनदा, कधी तीनदा दाखवलं. चित्रं 24च, उजेडाचे झपके 48 किंवा 72! दूरदर्शननं तेच वेगळ्या तऱ्हेनं केलं. 25 चित्रं, पण अर्धी-अर्धी करून 50 वेळा. पुढे कॉम्प्युटरचे काचेचे जाड मॉनिटर आले. 60 हर्ट्झवर पांढरं पान डोळ्यांना टोचायचं, म्हणून जाणकार लोक सेटिंग 75 किंवा 85 वर न्यायचे.

एलसीडीत प्रत्येक ठिपका पुढचं चित्र येईपर्यंत आपला रंग धरून ठेवतो. आता संपलं म्हणायचं, तर लुकलुक मागच्या दिव्यात गेली. ब्राइटनेस कमी करायला अनेक पॅनेल तो दिवा भराभर चालू-बंद करतात. 2010 मध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिमस आलं, म्हणजे एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आणि दोन ड्रायव्हर. 2013 मध्ये जी-सिंक जाहीर झालं. त्यात गेमच्या वेगाप्रमाणे स्क्रीनचा वेग बदलतो, आणि तो सारखा वरखाली झाला की काही पॅनेलवर उजेडही हलतो.

म्हणून आधी विचारायचं, यातली लुकलुक कुठली? ब्राइटनेस पूर्ण वाढवल्यावर थांबली, तर मागचा दिवा. फक्त गेमच्या अंधाऱ्या दृश्यात किंवा लोडिंगला दिसली, तर जी-सिंक बंद करून बघा. चार्जर काढताना एकदाच स्क्रीन काळी झाली, तर बहुधा लॅपटॉप बॅटरी वाचवायला 144 वरून 60 हर्ट्झवर आलाय. तो बिघाड नाही. झाकण हलवल्यावर होतंय? मग बिजागरीतून जाणारी केबल तपासा.

बाहेरचा मॉनिटर जोडायची चाचणी सगळे सांगतात, पण ती जरा फसवी. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं आणि आतली स्क्रीन इंटेल किंवा एएमडीच्या ग्राफिक्समधून चालते. बाहेरचं चित्र स्वच्छ आलं म्हणून आतला ड्रायव्हर निर्दोष ठरत नाही.

त्यापेक्षा लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. तिथे विंडोज नाही, विंडोजचे ड्रायव्हरही नाहीत. तिथेही लुकलुकली, तर मात्र केबल आणि पॅनेल बघायला लॅपटॉप उघडावा लागेल.