नाव्ह्याचा वेढा आणि कॅप्टन डेव्हिसचे घोडदळ (धागा)

हिमायतनगर म्हणजे जुने वाढोणा. या भागातून हदगावकडे जाताना नाव्हा हे गाव फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. पण भारतीय लष्कराच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत ‘नोवा’ हे नाव आजही आहे. ते याच गावाचे.

१८१६ साली हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या वऱ्हाडातील घोडदळाची पुनर्रचना केली आणि ते कॅप्टन इव्हान डेव्हिसच्या हाती सोपवले. या दलाला ‘सुधारित घोडदळ’ म्हणत. सुधारणा मुख्यतः दोन होत्या : इंग्रज अंमलदार आणि वेळेवर पगार. पद्धत मात्र जुनीच, शिलेदारीची. घोडा आणि हत्यार स्वाराने आणायचे. घोडा मेला की स्वाराची रोजीही गेली. म्हणूनच नियमित पगाराला येथे शिस्तीइतकेच मोल होते.

हा पगार येई कोठून? दिवाण चंदूलाल विल्यम पामर आणि कंपनीकडून भारी व्याजाने कर्ज काढी, आणि त्याची भरपाई रयतेच्या साऱ्यातून होई. शिस्तीचे कौतुक करणारे इंग्रज लेखक या बाजूकडे क्वचितच वळतात.

पेंढाऱ्यांवरील मोहिमांत हे घोडदळ धावले. पुढे त्याची गाठ पडली नोवसाजी नाईकाशी. हटकरांच्या या नाईकाने अरब शिबंदीच्या बळावर नाव्ह्याची गढी धरली होती. इंग्रजी कागदांत तो ‘बंडखोर’ आहे; गावोगावच्या हटकरांसाठी तो नाईकच राहिला.

जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनने गढीला वेढा घातला. तोफा, सुरुंग, खंदक असे सारे शास्त्रशुद्ध चालले. आत सुमारे ५०० माणसे. ३१ जानेवारीला हल्ला झाला. तट फुटल्यावर जे बाहेर निसटू पाहत होते त्यांना मोकळ्या रानात डेव्हिसच्या स्वारांनी गाठले. शिबंदीतील बहुतेक माणसे कापली गेली. एका गढीसाठी झालेला हा संहार ‘सन्मान’ या शब्दात मावत नाही.

डेव्हिस पुढे लेफ्टनंट कर्नल झाला. १८२७ साली मोमिनाबादच्या, म्हणजे अंबाजोगाईच्या छावणीत दाढीसंबंधीच्या एका हुकमावरून स्वार बिथरले. ज्यांच्यासोबत दहा-अकरा वर्षे काढली त्यांची समजूत घालण्यास तो स्वतः पुढे गेला, आणि त्यांच्याच हातून मारला गेला. पगार वेळेवर मिळत होता. पण दाढी ही पगाराची बाब नव्हती.

पामरची पेढी बुडाली, निजामाचे कर्ज मात्र वाढतच गेले. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला.